आडोशाला चिकटलेली माणसं

माणसांचे चेहरे मी बघत नाही, हात बघते. चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी या शहरात जन्मल्यामुळेच शिकले. इथल्या, डरममधल्या माणसाला कुणी करपलेला मक्याचा पाव वाढला तरी तो "वा, काय छान झालाय" म्हणतो आणि वर दुसरा मागून घेतो. आमचा गेम खेळून वैतागलेला माणूसही मला तोंडावर "मजा आली, मॅम" असंच सांगतो. पण त्याच्या हातातला कंट्रोलर घामाने ओला झालेला असतो आणि बटण दाबून दाबून अंगठ्याचं टोक पांढरं पडलेलं असतं. अंगठ्याला कुणी सभ्यपणा शिकवलेला नसतो.

मी आयोनी ब्लॅकवेल. गेम तयार होत आला की बाहेरची माणसं बोलवायची, त्यांना खेळायला बसवायचं आणि बघत राहायचं, हे माझं काम. त्यात नियम एकच, आणि तो मीच केलेला. खेळणाऱ्याला मदत करायची नाही. उद्या गेम विकत घेतलेल्या माणसाच्या सोफ्यावर मी काही शेजारी बसलेली नसणार. मग इथेही मी नाहीच असं धरायचं. कुणी विचारलं, "मॅम, हे दार उघडतं का?" की मी म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं?" समोर विशीतली पोर असो नाहीतर पेन्शनर, वाक्य तेच आणि आवाजही तोच.

बारा वर्षं दिवसभर एकच वाक्य म्हटल्यावर ते तोंडात घर करून बसतं. मागे एकदा हॉटेलात वाढणाऱ्या मुलीने विचारलं, "चहा गोड आणू की बिनसाखरेचा?" मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" ती जराशी गोंधळली आणि गोड घेऊन आली. मला साखर बंद आहे. माझी बहीण ल्युसिल समोर बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले आणि तो गोड चहा प्यायले.

तर तो जुलैतला शनिवार होता. आमचं ऑफिस तंबाखूच्या जुन्या गोदामात आहे. उन्हाळा तापला की विटांमधून अजून तंबाखूचा वास सुटतो आणि नव्या माणसांना वाटतं, कुणीतरी चोरून ओढतंय. त्या दिवशी वास चांगलाच सुटला होता. चाचणी 'ब्रायरगेट'च्या दुसऱ्या भागाची होती. या गेममध्ये टल नावाच्या एका आडदांड सैनिकाच्या पाठीमागून आपण सगळं बघतो आणि त्याच्या खांद्यावरून नेम धरतो. समोरून गोळ्या आल्या की पळत जाऊन भिंतीला पाठ लावायची, म्हणजे आडोसा घ्यायचा. पळणं, कोलांटी मारणं, आडोशाला चिकटणं आणि आडोसा सोडणं, सगळं एकाच बटणावर. ही एका बटणाची करामत रॉयस पेटिफर्डची. पहिला भाग चालला तो या करामतीमुळेच, असं रॉयसचं मत होतं, आणि ते त्याने कधी मनात ठेवलं नाही.

रॉयस दारातून आत येताना आधी त्याचं हसणं आत यायचं. चाचणीच्या दिवशी तो सगळ्यांसाठी स्वतःच्या पैशाने डुकराच्या मांसाचे सँडविच आणायचा, व्हिनेगरचा रस्सा वेगळ्या बाटलीत. खेळणारे त्याच्यावर खूश असायचे, पण तो कोण हे त्यांना माहीत नसायचं. त्याला खेळणाऱ्यांशी बोलायची मनाई होती, हा माझाच नियम. ज्याने गेम बनवला तो खोलीत शिरला की त्या खेळणाऱ्याची चाचणी बाद. मग तो बिचारा एकतर्फी काचेच्या मागे, आमच्या अरुंद खोलीत बसायचा. तिला आम्ही खुराडं म्हणतो. खुराड्यातून समोर खेळणारे दिसतात आणि छोट्या पडद्यांवर प्रत्येकाचे हात. बोलायचं नाही, काच वाजवायची नाही, आपल्या डोळ्यांदेखत माणूस चुकत असला तरी दात आवळून बसायचं. मोठमोठ्या हुशार माणसांना मी तिथे रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

आदल्या दिवशी ग्वेन लूमिसने सगळ्यांसमोर गोष्ट स्पष्ट केली होती. पैसा आणि तारखा सांभाळायचं काम तिचं. बाई वाईट नाही, पण हातातला फोन ती फक्त झोपताना ठेवत असावी.

"उद्याची शेवटची चाचणी," ती म्हणाली. "लढाई आणि हाताळणी मिळून सरासरी सात गुण आले, तर सोमवारी गेम डिस्कवर छापायला जाईल. सातच्या खाली आले, तर मी तारीख पुढे ढकलते आणि आडोशाचं सगळं काम ऑस्टिनमधल्या दुसऱ्या टीमला देते. रॉयस, तसं झालं तर मग तुझ्यासाठी माझ्याकडे काम उरत नाही. राग मानू नकोस."

"राग कशाला?" रॉयस म्हणाला. "नऊ येतील. तू केकची ऑर्डर देऊन ठेव."

हसला तो, पण मी त्याचे हात बघितले. दोन्ही हात त्याने खिशात कोंबले होते.

शनिवारी आठ जण आले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात जणांचं खेळून झालं आणि ते टेबलाभोवती सँडविच खात बसले. मला ही वेळ आवडते. तोंडात घास असला की सभ्यपणा जरा सुटतो.

"पहिल्यापेक्षा झकास केलाय बुवा!" ड्युइट नावाच्या न्हाव्याने सुरुवात केली. त्याने पहिला भाग इतका खेळला होता की त्याच्या दुकानात टलचं चित्र लावलंय म्हणे. "बंदुकीला वजन आलंय. गोळी सुटली की खांद्याला कळतं. आणि आडोसा? लोण्यातून सुरी!"

"लोणी?" प्रेस्टन नावाचा कॉलेजातला मुलगा उसळला. तो नवखा होता. "काका, माझा टल भिंतीला च्युइंगमसारखा चिकटतो. मी म्हणतो पळ, तो मिठी मारतो. मी म्हणतो सोड, तो आणखी घट्ट धरतो. ती भिंत त्याची कोण लागते ते तरी सांगा."

"तुला खेळता येत नाही, ते सांग की."

"मी बाकीचे सगळे गेम खेळतो! याच्यातच मला लकवा भरतो का?"

"बंदुका मला आवडल्या," एक जाडजूड बाई मधे पडल्या. "पण तो माणूस वळतो कसा, माहितीये? फ्रिज सरकवल्यासारखा."

"वजन आहे त्याला, ताई," ड्युइट म्हणाला.

"वजन मलाही आहे. मी वळते ना."

सगळे हसले. मीही हसले, पण मनात काहीतरी टोचत होतं. ड्युइटने साडेनऊ दिले होते, प्रेस्टनने चार. बाकीचेही असेच, कुणी आकाशात तर कुणी खड्ड्यात. मधे कुणीच नाही. चव आवडली-नावडली तर माणसं अशी दुभंगत नाहीत, थोडी इकडे थोडी तिकडे पसरतात. इथे जणू दोन वेगवेगळे गेम खेळून आली होती. सातांची सरासरी सातच्या किंचित खाली होती. ग्वेनने फोनवर हिशेब करून ठेवला होता. आठव्या खेळणाऱ्या मुलीने आठ दिले तर सात गाठले जाणार होते. त्याहून कमी दिले तर रॉयस घरी.

आणि ती आठवी अजून जेवायलाच आली नव्हती. तिचं सँडविच कागदात गार होत होतं.

शेल्बी ऑक्सेंडाइन तिचं नाव. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी मुलगी. पहिला भाग तिने बघितलाही नव्हता. ती बॉयलरच्या बोगद्यात अडकली होती. टल बोगद्यात शिरला की मागचं लोखंडी दार धाडकन खाली येतं आणि जमिनीतून वाफ चढायला लागते. वाफ गळ्यापर्यंत यायच्या आत या भिंतीवरून सुटून समोरच्या भिंतीकडे झेप घ्यायची, तिथून पुढच्या. शेल्बी बटण दाबायची. टल भिंतीवरून सुटायचा आणि अर्धं पाऊल टाकून पुन्हा त्याच भिंतीला पाठ लावायचा. ती पुन्हा दाबायची, तो पुन्हा चिकटायचा. वाफ वर यायची. टल खोकत खोकत मरायचा. मग पुन्हा बोगद्याचं तोंड आणि पुन्हा ते दार, धाडकन. मी सकाळपासून तो आवाज ऐकत होते आणि माझीच मान आखडली होती.

"सॉरी," ती पडद्याला म्हणत होती. "सॉरी, सॉरी. मीच वेंधळी."

मी तिच्या खोलीत गेले. तिने माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते, तरी हसत होती. आमच्याकडची मुलगी, दुसरं काय करणार?

"मिस आयोनी, मी काय चुकतेय?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले.

"मला वाटतं, माझ्या हातांतच खोट आहे." तिने बोटं उघडमीट केली. "दवाखान्यात इतकी बारीक हत्यारं मी न बघता डॉक्टरांच्या हातात देते. आणि इथे एक बटण दाबता येईना. काय बाई लाज आहे!"

"हवं तर थांबू शकता. जेवून घ्या."

"नको. एकदा सुटू दे मला इथून. मग जेवते."

तिला जवळ घ्यावंसं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण मी नुसती मान हलवून बाहेर आले.

खुराड्यात रॉयस फणफणत होता. "चार वेळा दाबते ही बया! एकदा दाबायचं, सोडायचं, संपलं. इतकं सोपं आहे. तिला कुणी कंट्रोलर धरायला शिकवलंय की नाही?"

"तीच म्हणतेय, तिच्या हातांत खोट आहे."

"मग बरोबर बोलतेय." त्याने कोपऱ्यातला जादा कंट्रोलर उचलला, दुसऱ्या पडद्यावर तोच बोगदा लावला. "बघ. तूही बघ आणि मला सांग यात अवघड काय आहे."

आणि तो खेळला. काय सुरेख खेळला! टल या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून पुढच्या, जणू पाण्यातला मासा. वाफ घोट्यापर्यंतही आली नाही. खुराड्यात बसलेल्या दोघा-तिघांनी हळूच टाळ्या वाजवल्या. मी मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. सवय माझी.

"रॉयस, पुन्हा कर," मी म्हणाले.

"आवडलं ना?"

"पुन्हा कर. आणि सावकाश कर."

त्याने केलं. मी त्याच्या हातांवर कॅमेरा वळवला आणि त्याला त्याचेच हात मोठ्या पडद्यावर दाखवले. बटण दाबायच्या आधी, प्रत्येक वेळी, त्याचा डावा अंगठा त्याच्या खालची, टलला चालवायची छोटी दांडी केसभर मागे ओढत होता. भिंतीपासून दूर. मग बटण. इतकं छोटं हलणं की बघत नसलात तर दिसणार नाही.

"हे काय करतोयस?"

"काय?"

"दांडी मागे का ओढतोस?"

"मी कुठे ओढतोय?"

मी चित्र थांबवून दाखवलं. तो बघत राहिला. आपला नवरा झोपेत बोलतो हे पहिल्यांदा ऐकलेल्या बायकोचा चेहरा असतो, तसा त्याचा झाला.

"आता न ओढता खेळ," मी म्हणाले.

त्याने अंगठा ताठ धरला आणि बटण दाबलं. टल भिंतीवरून सुटला आणि पुन्हा चिकटला. पुन्हा दाबलं, पुन्हा चिकटला. वाफ चढली. रॉयसने दात आवळले, पुन्हा दाबलं. टल गुडघ्यांवर आला, खोकला आणि मेला. बोगद्याचं दार धाडकन खाली आलं. त्याच वेळी काचेपलीकडे शेल्बीचंही दार आदळलं. दोघं एकाच भिंतीला, एकसारखी.

मग मी तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या हातात कंट्रोलर दिला. गेम बनवणारी आमचीच माणसं. झाडून सगळ्यांचा अंगठा मागे जात होता. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पहिल्या भागात..." रॉयस बोलायला लागला आणि थांबला. "पहिल्या भागात सुरुवातीला भिंत जास्त धरायची. आम्ही म्हटलं, नंतर बघू. मग त्रास होईनासा झाला. आम्हाला वाटलं, मधे कुणीतरी नीट केलं."

"कुणी केलं?"

"कुणीच नाही. आमचे अंगठेच नीट झाले."

आता मला ते दोन गेम कळले. ज्यांनी पहिला भाग घासून घासून खेळला होता, त्या ड्युइटसारख्यांना अंगठ्याची ही खोड आधीच लागली होती. त्यांना आडोसा म्हणजे लोणी. प्रेस्टनसारख्या नव्यांना च्युइंगम. दोघंही खरंच बोलत होते आणि टेबलावर एकमेकांना मूर्ख ठरवत होते.

"मग कर ना कमी," मी म्हणाले. "भिंत किती धरते हा एक आकडाच असेल ना कुठेतरी."

"आकडा आहे. दुपारभराचं काम." त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "पण किती कमी? मला कसं कळणार? मी कमी केला की माझा अंगठा मागे ओढणार, आणि मला वाटणार टल भिंतीवरून घसरतोय. जे बरोबर आहे ते मला चूकच लागणार. या इमारतीतल्या कुणालाच कळणार नाही, आयोनी. कोरे हात पाहिजेत. रोज नवे. दोन-तीन आठवडे तरी."

तेवढ्यात ग्वेन आत आली. रॉयसने तिला सगळं सांगितलं, दोनदा, हातवारे करून. तिने नीट ऐकून घेतलं, त्यात तिला दोष देता येणार नाही.

"मला तीन आठवडे दे," तो म्हणाला.

"माझ्याकडे तीन दिवस नाहीत. कालच बोललो आपण. सात आले तर सोमवारी छापायचं. सात नाही आले तर तारीख पुढे, पण मग काम ऑस्टिनला. तिथले हात तुझ्यापेक्षा कोरे आहेत की नाही?" तिने काचेतून शेल्बीकडे बघितलं. "तुला नक्की काय हवंय रॉयस? ती हरायला हवीय की जिंकायला?"

रॉयस काचेपाशी गेला. मला त्याची दया आली. ती मुलगी वैतागून कमी गुण देऊन गेली तर भिंत सुधारणार, पण रॉयसशिवाय. आणि ती जिंकली तर रॉयस राहणार आणि भिंतही राहणार. तो काचेला नाक लावून उभा होता आणि त्याला काहीच करता येत नव्हतं. नियम माझा होता.

मग मला छोट्या पडद्यावर ते दिसलं. शेल्बीचा अंगठा.

पहिल्यांदा वाटलं थकून घसरला असेल. दांडी जराशी मागे गेली, बटण दाबलं गेलं, आणि टल सुटला. शेल्बी दचकली. तिला स्वतःला कळलं नाही काय झालं. दुसऱ्या भिंतीवर ती पुन्हा अडकली, चार वेळा दाबलं, आणि पाचव्या वेळी अंगठा पुन्हा केसभर मागे. टल सुटला. तिसरी भिंत, चौथी भिंत. मी डोळ्यांनी बघत होते आणि कुणाचं तरी लंगडणं दुसऱ्याच्या पायात उतरताना बघावं तसं मला वाटत होतं. रॉयसनेही ते बघितलं. "नको," तो हळूच म्हणाला. "नको ना, पोरी."

बोगद्याच्या शेवटचं दार उघडलं. शेल्बी खुर्चीतून उडाली. "झालं! मिस आयोनी, झालं! बघितलंत?"

मी तिचं सँडविच घेऊन तिच्याकडे गेले. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "म्हटलं नव्हतं मी? चूक माझीच होती. आता कळलं. आता काही त्रास नाही!" तिने लढाईला आठ दिले, हाताळणीला आठ दिले. ते सांगताना तिचा अंगठा मोकळ्या हवेतही केसभर मागे जात होता.

काचेमागे बघायला नको, मला कळलंच की ग्वेनने फोन कानाला लावला असणार.

आणि दार उघडून रॉयस आत आला.

बारा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. एवढा मोठा माणूस, पण दारात चोरासारखा उभा राहिला. शेल्बीने त्याला ओळखलं. "सँडविचवाले ना तुम्ही?"

"मीच तो," रॉयस म्हणाला. "आणि ती भिंतही माझीच. मी बनवलीय. ऐक बाळा, तुझ्या हातांत काही खोट नाही. खोट भिंतीत आहे. ती सोडत नाही. तू दांडी मागे ओढायला लागलीस म्हणून सुटलीस. तसं करायला लागायलाच नको होतं. चूक तुझी नव्हती, एवढंच सांगायला आलो."

तिचं हसू विझायला वेळ लागला. तिने आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे मी शिकले ते..."

"ते शिकायचं नव्हतंच."

"मग इतका वेळ मी काय केलं?" तिचा आवाज चढला. "जेवले नाही मी! हात दुखले माझे. आणि आता जमलं तर तुम्ही म्हणताय ते जमणं नव्हतंच?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? मला जमतंय ना आता. तुम्ही ते बदलू नका. प्लीज. माझा भाऊ म्हणेल, शेल्बी सुटली तेव्हा सोपं करून टाकलं असेल." तिने पर्स उचलली. माझ्या हातातलं सँडविच घेतलं, "थँक्यू, मॅम" म्हणाली आणि गेली. हो, एवढ्या रागातही थँक्यू म्हणाली.

रॉयस तिथेच उभा राहिला. पण त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं, चेहरे न बघणाऱ्या मला. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. त्याने खोलीत पाऊल टाकलं तेव्हाच हिशेब करून टाकला होता. नियमाने शेल्बीची चाचणी आता बाद. तिचे आठ गेले. सरासरी सातच्या खाली. तारीख पुढे जाणार, कोरे हात बसणार, भिंत सुधारणार. त्यात त्याची नोकरी जाणार होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती. मला फार अभिमान वाटला त्याचा.

ग्वेन खुराड्यातून बाहेर आली, फोनवर हात ठेवून. "छापखान्याचा माणूस लाइनवर आहे," ती म्हणाली. तिने रॉयसकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. कारण या इमारतीत माझ्या शब्दाला एकाच बाबतीत किंमत आहे आणि तिथे ग्वेनही मधे पडत नाही. "आयोनी, तू सांग. ही चाचणी धरायची की बाद करायची?"

बाद. एवढंच म्हणायचं होतं. मला ठाऊक होतं काय म्हणायचंय, रॉयसला ठाऊक होतं, बहुतेक ग्वेनलाही ठाऊक होतं. मी तिच्याकडे वळले, मान जराशी कलती केली आणि माझ्या त्या शांत, सरावलेल्या आवाजात म्हणाले,

"तुम्हाला काय वाटतं?"

ग्वेनची एक भुवई वर गेली. मग ती मोकळी हसली, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी. "मला वाटतं, धरायची," ती म्हणाली आणि फोन कानाला लावून चालू पडली. "हां, ठरलं. सोमवारी."

"ग्वेन!" मी ओरडले. "ग्वेन, थांब, मला तसं म्हणायचं नव्हतं." ती जिन्याशी पोहोचली होती. मी धावत गेले, तिला गाठलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. तू माझ्यावर सोडलंस. आता शब्द दिलाय मी, आयोनी. आणि तसंही, त्या मुलीचं ऐकलंस ना? बदलू नका म्हणाली."

गेम सोमवारी गेला. खूप खपला. लोकांची मतं वाचते मी अधूनमधून. अर्धे म्हणतात लोणी. उरलेल्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, की पहिले दोन तास मी फार वाईट खेळत होतो, माझीच चूक, मग हात बसला. रॉयसची नोकरी राहिली. तिसऱ्या भागाचं काम त्याच्याचकडे आहे, आणि आडोसा आहे तसाच ठेवायचा असं वरून लेखी आलंय. लोकांना सवय झालीय म्हणे. सँडविच तो अजून आणतो, पण दारात आधी हसणं येत नाही.

गेल्या आठवड्यात खुराड्यात आम्ही दोघंच होतो. त्याच्या हातात कंट्रोलर होता आणि टल बोगद्यात सरसर सुटत होता, या भिंतीवरून त्या भिंतीवर. त्याचा अंगठा मी बघितला नाही. काय बघायचं त्यात?

"आयोनी," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "तू तिथे उभी होतीस. एक शब्द होता. का नाही बोललीस?"

मी तोंड उघडलं. काय येतंय ते मला जिभेवरच कळलं, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.